बदकाची जात निवडताना आधी आईबाप बघा

‘बदक ते बदक, बाजारात मिळेल ते आणा’ हा सल्ला मी इतक्यांदा ऐकलाय की आता लगेच अडवतो. चार-सहा बदकं परसात पाळायची असली तरी जात आधी ठरवावी लागते.

पहिला प्रश्न: अंडी हवीत की मांस? अंड्यांसाठी खाकी कॅम्पबेल घ्या, दुसरा विचार नको. चांगल्या खुराकावर वर्षाला 250 ते 300 अंडी देते. मात्र ती सहसा खुडूक बसत नाही, म्हणजे अंडी उबवायला बसत नाही, तिची अंडी कोंबडीखाली ठेवावी लागतात आणि कोंबडीला 21 ऐवजी 28 दिवस बसवावं लागतं. मांसासाठी पांढरी पेकिन. सात-आठ आठवड्यांत विकण्याजोगी होते. भातखाचरात सोडून चारायची असतील तर केरळातल्या चारा, चेंबल्ली या देशी जाती काटक आहेत. तळं नसलं तरी चालतं, नाकपुड्या बुडतील एवढं खोल भांडं हवंच.

खरी अडचण ‘हायब्रीड’ या शब्दापाशी सुरू होते, आणि इथंच माझं एक वर्ष वाया गेलं. एका विक्रेत्यानं ‘हायब्रीड आहेत, अंडी भरपूर’ म्हणून आठ माद्या दिल्या. अंगानं भरदार, चालायला दणकट. पावसाळा गेला, दिवाळी गेली. अधूनमधून एखादं लहानसं अंडं मिळे, आणि उबवायला ठेवलं तर पिल्लू कधीच निघालं नाही. त्यांचा बाप मस्कोवी होता हे मला फार उशिरा कळलं.

हे नीट समजून घ्या. मस्कोवी ही मूळची दक्षिण अमेरिकेतली, वेगळीच प्रजाती. बाकीची आपली सगळी पाळीव बदकं मॅलार्ड या रानबदकाच्या वंशातली. मस्कोवीची अंडी उबायला 35 दिवस लागतात, त्यावरूनच दोघांतलं अंतर लक्षात येईल. या दोघांच्या संकरातून निघालेली पिल्लं खेचरासारखी असतात: वाढ उत्तम, मांस कमी चरबीचं, पण वंश तिथंच थांबतो. तैवान आणि फ्रान्समध्ये ती मुद्दाम मांसासाठी वाढवतात, आणि तेवढ्यासाठी ती खरोखर चांगली आहेत. अंड्यांसाठी ती कोणी विकत असेल तर तुमची फसवणूक होतेय.

म्हणून संकर वाईट असं मात्र मी म्हणणार नाही. खाकी कॅम्पबेलच मुळात संकरातून आली. इंग्लंडमध्ये ॲडेल कॅम्पबेल यांनी इंडियन रनर, रुआं आणि मॅलार्ड यांच्या मेळातून ती तयार केली. तिन्ही एकाच वंशातली, म्हणून पिढ्या चालल्या. तेव्हा विक्रेत्याला ‘हायब्रीड आहे का’ असं विचारूच नका. ‘बाप कोण, आई कोण’ असं विचारा, आणि दोघं डोळ्यांनी बघा. डोळ्यांभोवती लाल मस्से असतील आणि नर ओरडण्याऐवजी नुसता फुसफुसत असेल तर तो मस्कोवी. आईबाप दाखवायला टाळाटाळ झाली तर रिकाम्या हातानं परत या. मी आता तसाच येतो.

घरीही हीच काळजी घ्या. मस्कोवी हवी तर जरूर पाळा, मादी फार छान खुडूक बसते आणि खाकीची अंडीही उबवून देते. पण मस्कोवीचा नर खाकीच्या माद्यांत सोडू नका. एकदा सोडलात की पुढची पिल्लं कसली निघाली ते तुम्हालाच सांगता येणार नाही.

नर-मादी ओळखणं सोपं. दोनेक महिन्यांत मादी खणखणीत ओरडते, नराचा आवाज घोगरा राहतो. पुढं त्याच्या शेपटीवर एक-दोन पिसं वर वळतात. मस्कोवीत हे वळलेलं पीस नसतं, तिथं अंगाचा आकार बघा: नर मादीच्या जवळजवळ दुप्पट. पाच-सहा माद्यांना एक नर पुरे. खाद्यात भुईमुगाची पेंड घालू नका, तिच्यावरच्या बुरशीचं विष बदकांना कोंबड्यांपेक्षा फार लवकर बाधतं.

खाकी साधारण पाचव्या महिन्यात अंड्यांवर येते. ती पहाटे अंडी घालते, म्हणून सकाळी नऊच्या आधी खुराड्याचं दार उघडू नका, नाहीतर अंडी खाचरात शोधत बसाल.