क्रूझवरचा नाताळ: हौस दारावर भागवा

बोटीवरची केबिन एवढीशी असते, तेव्हा नाताळचं झाड घरीच राहू द्या. आम्ही गेलो तेव्हा मी सगळी हौस केबिनच्या दारावर भागवली. दार बहुतेक बोटींवर पोलादी असतं. लोहचुंबकाने कागदी तारे, मुलांची चित्रं छान टिकतात. चिकटपट्टी नको, डाग राहतात. मेणबत्ती तर विसराच, बोटीवर आगीचं भय मोठं. प्लगच्या माळांनाही बऱ्याच कंपन्यांची बंदी असते, म्हणून नियम आधी वाचा.

भेटवस्तू घरून गुंडाळून नेऊ नका. चढताना सामान एक्स-रेमधून जातं आणि शंका आली की उघडावं लागतं. माझी रात्र जागून केलेली बांधाबांध तिथे दोन मिनिटांत सुटली! आता कागद घडी करून नेते आणि २४ डिसेंबरला मुलं झोपली की बाथरूममध्ये बसून गुंडाळते. जागा तेवढीच असते.

खास जेवणाचं टेबल चढल्या दिवशीच सांगून ठेवा. २५ला बंदरात उतरणार असाल तर दुकानं बंद असू शकतात. बोट लागणाऱ्यांना गोळी आधीच द्या. आमच्या सासूबाईंच्या गोळीची आठवण मला केक समोर आल्यावर झाली.