फौजेतून पेन्शनवर आलात? जुन्या क्रेडिट कार्डाच्या बाबतीत या चुका टाळा

सेवेत असताना पगाराला कोणी हात लावत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 प्रमाणे भूदल, नौदल, हवाई दलातल्या माणसाचा पगार कर्जापोटी जप्तच होत नाही. पंधरा-सतरा वर्षं हे कवच अंगावर असतं, त्यामुळे ते डिस्चार्ज बुकाबरोबर गावी आलं असं पुष्कळांना वाटतं. ते अर्धंच येतं. पेन्शन कायदा 1871 चं कलम 11 पेन्शनला जप्तीपासून वाचवतं. पण गेटवर, कारखान्यात किंवा एटीएमवर धरलेल्या दुसऱ्या नोकरीचा पगार गावातल्या इतर कुणाच्याही पगारासारखाच जप्त होतो.

पहिले 1,000 रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुटतात. पगार 25,000 असेल तर 17,000 हातात, 8,000 कोर्टात. एकाच हुकूमनाम्यापोटी (म्हणजे पैसे द्या असा कोर्टाचा निकाल) अशी कपात एकूण 24 महिने झाली की त्या हुकूमनाम्यासाठी पुढे पगार जप्त करता येत नाही. तोवर 1,92,000 गेलेले असतात.

बँकेला नवा पत्ता न कळवणं

ही सगळ्यात महागडी चूक, आणि टाळायला सगळ्यात सोपी. नमुना ठरलेला असतो. हवालदारानं पठाणकोटला असताना कार्ड घेतलं. फायलीत पत्ता तिथल्या क्वार्टरचा. पेन्शनवर येऊन सातारा जिल्ह्यात घर बांधलं, कार्डावर 60,000 तसेच राहिले. बँकेनं दावा लावला, समन्स क्वार्टरवर गेलं, तिथं आता दुसराच कुणीतरी राहतो. निकाल एकतर्फी. हवालदाराला पहिली बातमी लागते ती पुण्यातल्या सिक्युरिटी कंपनीच्या ऑफिसातून: पगारातून कापायचा हुकूम आलाय.

इथं खरं नुकसान होतं ते पुढच्या महिन्याभरात. एकतर्फी हुकूमनामा रद्द करायचा अर्ज (ऑर्डर 9, नियम 13) 30 दिवसांत द्यावा लागतो. समन्स नीट बजावलंच नसेल तर हे दिवस हुकूमनाम्याची माहिती झाल्यापासून मोजतात. आणि हे गृहस्थ ते तीस दिवस वसुली एजंटाच्या मागे घालवतात, कारण “साहेबांशी बोलून मिटवतो” असं तो म्हणाला. मिटवत काही नाही. पहिल्याच आठवड्यात हुकूमनाम्याची आणि बेलीफाच्या (समन्स पोचवणारा कोर्टाचा माणूस) अहवालाची नक्कल काढा. डिस्चार्ज बुकातली सुटकेची तारीख जोडा. समन्सच्या दिवशी तुम्ही त्या क्वार्टरमध्ये नव्हता याचा इतका चांगला पुरावा दुसरा नाही. वकील लागेलच. “यूट्यूबवर बघून अर्ज लिहिला” म्हणणाऱ्यांचे अर्ज मुदतीच्या मुद्द्यावरच पडतात.

“पाचशे तरी टाका, केस थांबवतो”

थकबाकीच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते. त्या मुदतीच्या आत तुम्ही सहीनिशी कर्ज कबूल केलंत, किंवा थोडी रक्कम भरून तशी लेखी नोंद ठेवलीत, तर तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजतात. एजंटाला पाचशे रुपयांत रस नसतो, त्याला ती नोंद हवी असते. यूपीआयची नोंद सही धरायची का, यावर वकील भांडतील. त्यांना ती संधी देऊ नका. मुदत उलटून गेल्यावर नुसती कबुली कर्ज जिवंत करत नाही, पण “मी फेडीन” असं सहीचं पत्र करार कायद्याच्या कलम 25 खाली नव्यानं बांधतं. म्हणून आधी स्टेटमेंट मागवा, शेवटचा भरणा कधी झाला ते बघा, मग तोंड उघडा. व्हॉट्सअॅपवर एक ओळसुद्धा नको. मात्र मुदत गेली म्हणजे नोंद पुसली असं नाही, सिबिलमध्ये ती दिसत राहतेच.

पेन्शनच्या खात्यात सगळं घालणं

भावाचे पैसे, दुकानाचा गल्ला, ऊस बिल, सगळं एकाच खात्यात. मग खातं गोठलं की पेन्शनचे कुठले हे दाखवता दाखवता घाम फुटतो. ग्रॅच्युइटी-पेन्शनच्या पैशाची ठेव केली तरी तिचं संरक्षण जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं पंजाब नॅशनल बँकेविरुद्धच्या राधेश्याम गुप्ता प्रकरणात म्हटलंय. पण माग दिसला पाहिजे. स्पर्शची (फौजी पेन्शनचं सरकारी पोर्टल) पेन्शन स्लिप, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) आणि स्टेटमेंट घेऊन दरखास्तीत, म्हणजे हुकूमनाम्याच्या वसुलीच्या कामात, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 47 खाली हरकत घ्या. आणि कार्ड ज्या बँकेचं, तिथं पेन्शन ठेवू नका. करारात बँकेला परस्पर वळती करायचा हक्क दिलेला असतो.

बाकीचं थोडक्यात. तडजोडीपोटी पुढच्या तारखेचे चेक देऊ नका; थकबाकी दिवाणी असते, वटला नाही तर चेक फौजदारी होतो. तडजोडीचं पत्र बँकेच्या लेटरहेडवर, रकमेसह, पैसे भरण्याआधी. पैसे थेट कार्ड खात्यात, एजंटाच्या नंबरवर कधीच नाही. सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतरचे वसुलीचे फोन रिझर्व्ह बँकेच्या नियमांत बसत नाहीत; बँकेकडे लेखी तक्रार करा, 30 दिवसांत दाद नाही लागली तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. लोकअदालतीची नोटीस म्हणजे वॉरंट नव्हे, पण तिथं सही केलेली तडजोड म्हणजे हुकूमनामाच, त्यावर अपील नाही. घाईत सही करणारे सगळ्यात जास्त तिथंच फसतात.