हौशी तोफ उडवताना पहिला नाही, दुसरा बार भरताना जास्त सांभाळा

अमेरिकेत काळ्या दारूच्या तोफा हौस म्हणून ठेवणारे खूप लोक आहेत, यादवी युद्धाचे प्रसंग उभे करणारे ग्रुप असतात, ४ जुलैला, त्यांच्या स्वातंत्र्यदिनाला, सलाम्या होतात, आणि तिकडचे आपले मराठी लोकपण कधी बघायला तर कधी हाताखाली मदतीला जातात. त्यांच्यासाठीच हे लिहितोय. भारतात परवान्याशिवाय असलं काही करूच नका.

आधी एक जुनी गोष्ट. १८६१ च्या एप्रिलमध्ये यादवी युद्ध सुरू झालं त्या फोर्ट सम्टर किल्ल्यावर दीड दिवस तोफगोळे पडत होते आणि किल्ल्यात एकही माणूस मेला नाही. मेला तो शरणागतीनंतर, १४ तारखेला, झेंड्याला सलामी देताना. डॅनियल हाउ नावाचा शिपाई बार भरत होता, आणि नळीत राहिलेल्या निखाऱ्याने दारूची पिशवी आतच पेटली असं मानतात. शेजारी रचून ठेवलेली दारूपण उडाली, आणखी माणसं जखमी झाली, १०० बारांची सलामी ५० वर थांबवावी लागली. आजही हौशी तोफांवर हात जातात ते बरेचदा असेच, म्हणजे बत्ती देताना नाही, भरताना.

तर सुरुवात तोफेपासून करा. नळाच्या पाइपाला वेल्डिंग मारून केलेली, ओतीव शोभेची, किंवा कुणी बनवली हेच माहीत नसलेली तोफ असेल तर ती अंगणात ठेवा, दारू भरू नका. चांगल्या नकली तोफांना आत जोड नसलेल्या स्टीलच्या नळीचं अस्तर असतं, ते आहे का विचारा. फेब्रुवारी २०२१ मध्ये मिशिगनला एका बेबी शॉवरला छोटी तोफ उडवली, ती फुटली, आणि दहा-पंधरा फुटांवर उभा असलेला २६ वर्षांचा पाहुणा तुकडा लागून गेला. तोफ छोटी आहे म्हणून लोक जवळ उभे राहतात, तेच नको. आणि दारू फक्त काळी, आजच्या काडतुसातली बिनधुराची दारू चिमूटभरसुद्धा नाही, तिचा दाब ही नळी सोसत नाही.

पहिला बार झाला की घाई संपली असं समजा. दोन बारांमध्ये निदान १० मिनिटं जाऊ द्या. मग टोकाला स्क्रूसारखं वळवलेलं लोखंड असलेला दांडा आत फिरवून दारूच्या पुडीची जळकी फॉइल बाहेर काढा. ही पायरी कंटाळवाणी वाटते पण एकदा ती काळी चुरगळलेली फॉइल नीट बघा, घडीच्या आत कधीकधी लाल ठिपका असतो, बाहेरून विझल्यासारखी दिसते आणि वारा लागला की परत फुलते. त्यानंतर ओला पोचारा, म्हणजे दांड्याला बांधलेला पुसायचा बोळा, पार तळापर्यंत, मग कोरडा. हे सगळं चालू असताना आणि पुढे ठासतानाही एकाने चामडी टोपण घातलेल्या अंगठ्याने तोफेचा कान, म्हणजे बत्ती द्यायचं मागचं भोक, दाबून धरायचा, कारण कानातून हवा गेली की आत निखारा असेल तर तो भात्यासारखा पेटतो. कान दाबणाऱ्याचा अंगठा सटकला तर ओरडून सांगायचं आणि सगळं पहिल्यापासून.

दारू तोलून आधीच फॉइलच्या पुडीत बंद केलेली असावी. डब्यातून थेट नळीत ओतायची नाही, आत ठिणगी असली तर आग सरळ हातातल्या डब्यात येते. पुड्यांच्या पेटीचं झाकण एक पुडी काढली की लगेच बंद, आणि पेटी तोफेपासून लांब, वाऱ्याच्या वरच्या अंगाला.

ठासताना तोंडासमोर येऊ नका, बाजूला उभे राहा, सुंबा (ठासायचा दांडा) एका हातात, अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला, मूठ आवळून नाही, म्हणजे बार उडालाच तर दांडा हातातून निसटून जाईल, हात घेऊन जाणार नाही. पुडीवर माती, गवत, कागद काही ठासायचं नाही.

बत्ती दिली आणि उडाली नाही तर कुणीही पुढे जायचं नाही, वाकून कानात बघायचं तर मुळीच नाही. आम्ही घड्याळ लावून १० मिनिटं थांबतो, मग बाजूने हात लांब करून कानातून पाणी सोडतो, आणि तोवर पोरांना दोरीच्या मागे कुणीतरी मोठं माणूस धरून ठेवतं.