नॅफिऑनच्या पटलात नॅनोकण मिसळताना या चुका टाळा

फ्युएल सेलचे (हायड्रोजनसारख्या इंधनापासून थेट वीज बनवणाऱ्या घटाचे) मेंब्रेन, म्हणजेच पटल, नॅफिऑनचे (प्रोटॉन वाहून नेणाऱ्या फ्लोरिनयुक्त प्लास्टिकचे) असेल तर त्यातून प्रोटॉन वाहतात ते पाण्याच्या आधाराने, आणि तापमान 100 अंश सेल्सिअसच्या आसपास गेले की पटल कोरडे पडून वाहकता घसरते. सिलिकाचे नॅनोकण पाणी धरून ठेवतात म्हणून ते घालायचे, इतका हा हिशेब सरळ आहे. परंतु सिलिका स्वतः प्रोटॉन फारसे वाहून नेत नाही, हे विसरून अनेक जण तिचे प्रमाण वाढवत नेतात. पूर्ण ओल्या पटलाची वाहकता कण घातल्यावर थोडी कमी भरली, तर प्रयोग फसला असे समजू नये. फायदा शोधायचा तो कमी आर्द्रतेत आणि चढ्या तापमानात. सुरुवात वजनाच्या 2-3 टक्क्यांपासून करावी.

सर्वाधिक नुकसान होते ते गुठळ्यांमुळे. कोरडी पावडर थेट नॅफिऑनच्या द्रावणात टाकली आणि तयार पटल खिडकीच्या उजेडाकडे धरले, तर दूध पावडर नीट न कालवल्यावर दिसतात तसे पांढरे ठिपके दिसतात, आणि पटल पुढे फाटते ते बहुधा तिथूनच. पावडर आधी त्याच द्रावकात अल्ट्रासॉनिक बाथमध्ये पसरवून घ्यावी आणि मग ढवळत ढवळत थोडी थोडी मिसळावी. टायटॅनियाच्या (टायटॅनियम डायऑक्साइडच्या) बाबतीत अधिक सावध राहावे, कारण तो सिलिकापेक्षा जवळजवळ दुप्पट घन असल्याने वाळेपर्यंत तळाशी बसतो आणि पटलाच्या दोन बाजू वेगवेगळ्या होतात. द्रावण ओतलेली बशी वाळायला ठेवण्यापूर्वी ओव्हनच्या जाळीवर पाणसळ ठेवून पाहावी. मी ती पाहिली नव्हती, आणि माझे पहिले पटल एका कडेला जाड, तर दुसऱ्या कडेला कांद्याच्या पापुद्र्यासारखे निघाले.

खोलीच्या तापमानालाच वाळवलेले पटल तडकते आणि अल्कोहोलमध्ये पुन्हा विरघळते. डायमिथाइल सल्फॉक्साइडसारखा सावकाश उडणारा द्रावक वापरून शेवटी 120 ते 140 अंशांवर काही तास तापवले, तर हा दोष जातो. उरलेला द्रावक काढण्यासाठी 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, पाणी, 0.5 मोलर सल्फ्युरिक आम्ल आणि पुन्हा पाणी, हा नेहमीचा क्रम चालतो. मात्र कण सेरियाचे (सेरियम ऑक्साइडचे) असतील तर हीच धुलाई त्यांना विरघळवून बाहेर काढू शकते. लोखंडी चमचा या कामात कुठेही नको, कारण लोहाचा अंश पेरॉक्साइडपासून हायड्रॉक्सिल रॅडिकल हे अतिशय क्रियाशील कण तयार करतो आणि ते बहुवारिकाच्या (पॉलिमरच्या, म्हणजे इथे नॅफिऑनच्या) साखळ्या तोडतात.

तुलनेतली चूक मात्र अनुभवी लोकही करतात. स्वतःच्या 50 मायक्रॉनच्या पटलाची बरोबरी ते बाजारातल्या 183 मायक्रॉनच्या नॅफिऑन 117 शी लावतात. वाहकता 0.1 सीमेन्स प्रति सेंटिमीटर धरली, तर पहिल्याचा रोध 0.05 ओहम चौरस सेंटिमीटर आणि दुसऱ्याचा 0.18 येतो; म्हणजे सेलमध्ये दिसलेली सुधारणा कणांची नसून निव्वळ जाडीची असू शकते. त्याच दिवशी, त्याच बाटलीतून, तेवढ्याच जाडीचे पण कणांशिवायचे एक पटल ओतून ठेवावे आणि तुलना त्याच्याशीच करावी.