खाऱ्या हवेतला अ‍ॅम्प्लिफायर: तारा आणि सुटे भाग निवडताना

समुद्राच्या हाकेच्या अंतरावर घर असेल तर तांब्याची उघडी तार एका पावसाळ्यात काळी पडते आणि पुढे तिच्यावर हिरवा कळंक धरतो. काळ्या पडलेल्या तारेला सोल्डर धरत नाही. वरून चिकटल्यासारखा दिसतो, आत सांधा कोरडाच राहतो. म्हणून मालवण, देवगड, गुहागर किंवा अलिबागकडे घरी अ‍ॅम्प्लिफायर बांधताना वॉट मागाहून मोजावेत. आधी तांबं, कल्हई आणि सांधे बघावेत. पुण्यात दहा वर्षं चाललेली जोडणी इथे दोन वर्षांत खरखरायला लागते.

खालचं सगळं एका ठरावीक सेटसाठी आहे: एलएम १८७५ आयसी (सिग्नलची ताकद वाढवणारी चिप), दोन चॅनेल, ८ ओहमचे स्पीकर, दर चॅनेलला १२ ते १५ वॉट. ओटीवरच्या भजनाला आणि गणपतीतल्या आरत्यांना एवढा पुरून उरतो.

ट्रान्सफॉर्मर

दुकानात '१५-०-१५, ३ अँपिअर' मागा, म्हणजे मधल्या तारेपासून दोन्ही टोकांना १५-१५ व्होल्ट देणारा. बरेच जण जास्त आवाजाच्या लोभाने १८-०-१८ उचलतात. हिशोब असा: १५ ला १.४१४ ने गुणलं की २१.२, त्यातून ब्रिजचा (एसीचं डीसी करणाऱ्या डायोडांचा) साधारण १ व्होल्ट गेला, म्हणजे दोन्ही बाजूंना २०-२० व्होल्ट डीसी. पण हा आकडा २३० व्होल्टच्या लायनीचा, आणि लोड असतानाचा. लोड नसेल तर १५ चा ट्रान्सफॉर्मर साडेसोळा देतो. गावात मध्यरात्री लाइन २६० पर्यंत चढत असेल तर तेच डीसी २५ च्या आसपास जातं. १८-०-१८ लावला तर त्याच रात्री ३० च्या घरात. एलएम १८७५ ची कमाल मर्यादा दोन्ही बाजू धरून ६० व्होल्ट, म्हणजे आयसी थेट कड्यावर उभा. टीडीए २०५० या दुसऱ्या आयसीची मर्यादा तर ५० च. तो १८-०-१८ वर लावणं म्हणजे जाणूनबुजून जाळणं. त्याच्या नावाने नकली मालही बाजारात फार आहे.

खरेदीआधी घरची लाइन मल्टिमीटरने तीन वेळा मोजा: दुपारी, संध्याकाळी सात-आठला आणि रात्री उशिरा. ती २४० च्या वर कधीच जात नसेल तर १८-०-१८ चालेल. पण त्या वेळी फिल्टर कपॅसिटर (डीसी सपाट करणारे) ५० व्होल्टचे घ्या, आणि आयसी थंड ठेवणारा हीटसिंकही मोठा घ्या.

ट्रान्सफॉर्मरचं वाइंडिंग तांब्याचंच आहे ना, हे बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. बाहेर आलेल्या तारेचं टोक ब्लेडने खरवडा. आत लाल दिसलं तर तांबं, चंदेरी दिसलं तर अ‍ॅल्युमिनियम. अ‍ॅल्युमिनियमला साधा सोल्डर लागत नाही, म्हणून आत ते तांब्याच्या शेपटीला दाबून जोडलेलं असतं. खाऱ्या ओलीत दोन वेगळ्या धातूंचा तो सांधा बॅटरीसारखा वागतो. अ‍ॅल्युमिनियम झिजून पांढरी भुकटी होते आणि एक दिवस वाइंडिंग ओपन, म्हणजे आतून तुटलेलं, सापडतं. वजनावरूनही अंदाज येतो. ९० व्हीएचा तांब्याचा ट्रान्सफॉर्मर हातात चांगलाच जड लागतो. वॉर्निशमध्ये बुडवून वाळवलेला मिळाला तर उत्तम. नुसता कागद गुंडाळलेला पावसाळ्यात ओल पितो.

प्रायमरीला, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या २३० व्होल्टच्या बाजूला, १ अँपिअरचा स्लो-ब्लो फ्यूज. साधा फास्ट फ्यूज चालू करतानाच्या झटक्याने उडतो, मग लोक वैतागून ५ अँपिअरचा घालतात आणि फ्यूज असून नसल्यासारखा होतो. फ्यूजच्या पुढे, प्रायमरीच्या दोन टोकांमध्ये २७५ व्होल्ट एसीचा एमओव्ही (व्होल्टचे झटके शोषणारा भाग) लावा. वळवाच्या आणि ऑक्टोबरच्या गडगडाटात तो मदत करतो. तरी वीज कडाडायला लागली की प्लग काढणं हाच खरा उपाय.

तारा

स्पीकरच्या तारेबद्दल बाजारात जितकी थाप चालते तितकी दुसऱ्या कशाबद्दल नाही. 'ऑक्सिजन फ्री' वगैरे छापून चौपट भाव लावतात. कानाला फरक पडतो तो जाडीने आणि सांध्याने.

दुकानात फ्लेक्सिबल वायर २३/७६, ४०/७६ अशा नावाने मिळते. पहिला आकडा धाग्यांचा, दुसरा धाग्याच्या जाडीचा, म्हणजे ०.००७६ इंच. २३/७६ म्हणजे सुमारे ०.६७ चौरस मिलिमीटर, ४०/७६ म्हणजे सुमारे १.१७. समजा अ‍ॅम्प्लिफायर माजघरात आणि स्पीकर खळ्यात, मधे १५ मीटर. जाऊन-येऊन ३० मीटर तांबं झालं. २३/७६ मध्ये त्याचा रोध ०.७७ ओहम भरतो, म्हणजे ८ ओहमच्या स्पीकरसाठी निघालेल्या ताकदीतली सुमारे ९ टक्के तारेतच गरम होऊन जाते, आणि बासही ढिला पडतो. ४०/७६ मध्ये ०.४४ ओहम, चालण्यासारखं. २.५ चौरस मिलिमीटरच्या तारेत ०.२ ओहम, मग विचारच करायला नको. तारेचा रोध स्पीकरच्या ५ टक्क्यांच्या आसपास किंवा खाली राहिला की पुरे.

जाडीपेक्षा मोठा धोका तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियम तारेचा. पारदर्शक, देखणी, लाल-काळ्या पट्टीची, भाव निम्मा. एक धागा नखावर धरून ब्लेडने खरवडा, आत पांढरं निघालं तर परत करा. लायटरवर धरली तर तिचं टोक वितळून गोळा होतं. तांब्याचं नुसतं लाल होतं. किनाऱ्यावर ही तार कापलेल्या तोंडापासून आत कुजत जाते.

सगळ्यांत चांगली ती कल्हईची तार, म्हणजे प्रत्येक तांब्याच्या धाग्यावर कथिलाचा पातळ थर असलेली. बोटींच्या वायरिंगला हीच वापरतात. पितळी भांड्याला कल्हई ज्या कारणासाठी लावायची त्याच कारणासाठी. साधं तांबं वापरावंच लागलं तर टोक सोलल्याबरोबर, त्याच दिवशी, सोल्डरने मढवा आणि सोललेल्या जागेवर हीटश्रिंक नळी चढवा. फक्त स्क्रूखाली दाबायचं टोक सोल्डरने मढवू नका. सोल्डर मऊ असतो, दाबाखाली हळूहळू पसरतो आणि स्क्रू ढिला पडतो. तिथे दाबून बसवायचा लग किंवा फेरूल लावा.

पेटीच्या आत ट्रान्सफॉर्मर ते ब्रिज, ब्रिज ते कपॅसिटर, कपॅसिटर ते बोर्ड आणि बोर्ड ते स्पीकर टर्मिनल, या सगळ्या जागी ०.७५ ते १ चौरस मिलिमीटर. एसीच्या तारा एकमेकींभोवती पिळून एका कडेने न्या. सिग्नलसाठी जाळीची शील्डेड तार. ती ट्रान्सफॉर्मरजवळून नेऊ नका, आणि एसीची तार ओलांडायचीच झाली तर काटकोनात ओलांडा.

मेन कॉर्ड तीन कोरचीच हवी, ०.७५ चौरस मिलिमीटर, आणि तीन पिनचा प्लग. पेटीत शिरते तिथे रबरी ग्रोमेट आणि ओढ न बसण्यासाठी क्लॅम्प. हिरवी तार पेटीच्या पत्र्याला स्वतंत्र बोल्टने बांधा, ट्रान्सफॉर्मरच्या बोल्टवर नको. खालचा रंग खरवडून दातेरी वॉशर घाला, वरून थोडं ग्रीस. जांभ्याच्या जमिनीतलं अर्थिंग एप्रिल-मेमध्ये कोरडं पडून कुचकामी होऊ शकतं. खड्ड्यात पाणी घालत राहा आणि घराच्या बोर्डवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताच लाइन तोडणारा स्विच) असू द्या.

ग्राउंड, म्हणजे घूं-घूं

दोन फिल्टर कपॅसिटर जिथे जुळतात तिथे ट्रान्सफॉर्मरची मधली तार येते. त्या सांध्यावर कपॅसिटर भरण्याचे मोठे झटके चालतात, म्हणून बाकीची ग्राउंड (शून्य व्होल्टच्या परतीच्या तारा) थेट तिथे जोडू नका. तिथून दोन-तीन सेंटिमीटरची जाड तार काढून वेगळा बिंदू करा. स्पीकरची परतीची तार, दोन्ही बोर्डांची पॉवर ग्राउंड आणि इनपुटची ग्राउंड, प्रत्येक आपापल्या तारेने त्या बिंदूवर. पेटीचा पत्राही तिथेच, एकाच जागी. इनपुटचे आरसीए सॉकेट पत्र्यापासून वॉशरने अलग ठेवा.

तरी आवाज आला तर कान लावून ओळखा. करकरीत, बोचरा, १०० हर्ट्झचा बझ असेल तर एखादी ग्राउंड चुकीच्या सांध्यावर आहे. मऊ, खोल ५० हर्ट्झची घूं असेल तर ट्रान्सफॉर्मर सिग्नलच्या फार जवळ आहे, जाळी तुटली आहे किंवा जाळी दोन्ही टोकांनी वेगवेगळ्या वाटांनी ग्राउंडला गेली आहे. व्हॉल्यूम शून्यावर नेऊन बघा. आवाज गेला तर दोष इनपुटकडचा, राहिला तर पुढचा.

बाकीचे भाग

रेझिस्टर पाव वॉटचे, १ टक्क्याचे मेटल फिल्म. त्यात विचार करण्यासारखं काही नाही. फीडबॅकला २० के (के म्हणजे हजार ओहम) आणि १ के, म्हणजे २१ पट गेन (सिग्नलची वाढ). १ केच्या खाली २२ मायक्रोफॅरड. गेन १० च्या खाली आणू नका, आयसी थरथरायला लागतो, म्हणजे स्वतःच सिग्नल तयार करायला लागतो. इनपुटला १ मायक्रोफॅरड फिल्म कपॅसिटर आणि ग्राउंडला २२ के. आउटपुटवरून ग्राउंडला १ ओहम व ०.२२ मायक्रोफॅरड सिरीजमध्ये. हा १ ओहम १ किंवा २ वॉटचा घ्या, पण वायरवाउंड नको, त्याची गुंडाळीच इंडक्टर होते. सप्लायच्या दोन्ही पिनांवर ०.१ मायक्रोफॅरड अगदी आयसीच्या पायाशी, सेंटिमीटरभराच्या आत. हे दूर गेले की आयसी विनाकारण तापतो आणि दोष सापडत नाही.

फिल्टर कपॅसिटर दर बाजूला ६८०० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्ट, १०५ अंशांचे. पूर्ण आवाजात रिपल (डीसीतला चढउतार) साधारण २ व्होल्ट राहतो. जुन्यावर नवी सालटी चढवून विकतात; वजन हलकं किंवा रबरी बूड फुगलेलं असेल तर नको. प्रत्येकावर २.२ के, १ वॉटचा रेझिस्टर आडवा टाका, म्हणजे बंद केल्यावर मिनिटाभरात ते रिकामे होतात. ब्रिज ६ अँपिअर किंवा त्याहून मोठा.

व्हॉल्यूम कंट्रोल १० केचा, दुहेरी, लॉग, म्हणजे 'ए १०के' छापलेला. 'बी' घेतला तर आवाज पहिल्या पाव फेरीतच भसकन वाढतो. बंद पाठीचा घ्या. खरखरायला लागला तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. खोबरेल घालून आठवडाभर बरा वाटतो, मग धूळ धरून कायमचा जातो.

स्पीकरसाठी दाबायच्या स्प्रिंग क्लिपा टाळा, त्या आधी गंजतात. मुलामा दिलेले पितळी बाइंडिंग पोस्ट लावा. बोर्ड तपकिरी हायलमचा (दाबलेल्या कागदाच्या पत्र्याचा) नको, तो ओल धरतो. ग्लास इपॉक्सीचाच घ्या.

हीटसिंक दोन्ही चॅनेल मिळून साधारण १ अंश प्रति वॉटचा, अ‍ॅनोडाइझ केलेला, पेटीच्या बाहेर, पाती उभी. पंखा लावू नका, तो खारी हवा आणि धूळ ओढून बोर्डावर बसवतो. एलएम १८७५ ची पाठ ऋण सप्लायला जोडलेली असते, म्हणून अभ्रक, प्लास्टिकचा बुश आणि पेस्ट लागतेच. भोकाची कड घासून गुळगुळीत करा. तिथली बारीक किस अभ्रक कापते.

सोल्डर ६०/४०, रोझिनच्या गाभ्याचा. डबीतली ॲसिडची पेस्ट बोर्डावर राहिली तर ओल ओढून घेते आणि पट्ट्या खाते. काम झाल्यावर बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा.

चालू करताना

मेन लायनीत ६० वॉटचा जुना तारेचा बल्ब सिरीजमध्ये घ्या, एलईडी चालणार नाही. आधी बोर्ड न जोडता चालू करा. बल्ब क्षणभर उजळून मंदावला पाहिजे आणि दोन्ही बाजूंना सारखे व्होल्ट यायला हवेत. मग बोर्ड जोडा, स्पीकर नको. आउटपुटवर डीसी मोजा: ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर ठीक. बल्ब तेजाने पेटून राहिला तर लगेच बंद करून अभ्रक आणि पिना तपासा. पहिल्यांदा लावायचा तो जुना, टाकाऊ स्पीकर. चांगले स्पीकर लावण्याआधी यूपीसी १२३७ आयसीचं, डीसी आलं की स्पीकर तोडणारं प्रोटेक्शन बोर्ड मधे घाला. आयसी शॉर्ट झाला तर सगळं डीसी स्पीकरच्या कॉइलमध्ये जातं.

दोन दिवस नीट चालला की बोर्डावर अ‍ॅक्रिलिक वॉर्निशचे दोन पातळ हात स्प्रे करा. व्हॉल्यूम कंट्रोल, रिले आणि सॉकेट चिकटपट्टीने झाकूनच. पेटीच्या भोकांना बारीक जाळी लावा, नाहीतर मुंग्या आणि पाली ऊब शोधत आत येतात. पावसाळाभर आठवड्यातून एकदा तरी तासभर चालू ठेवा. जूनपासून तसाच पडून राहिला असेल तर गणपतीच्या आदल्या दिवशी नव्हे, निदान आठवडाभर आधी, पुन्हा सिरीज बल्बवरूनच चालू करा.