मोगऱ्याचं स्पार्कलिंग वाईन कॉकटेल करताय? या चुका टाळा

मे महिन्यात संध्याकाळचे सात वाजले तरी संभाजीनगरात गच्चीची फरशी पायाला चटका देते. त्या वेळी जड, गोड, रंगीत काही घशाखाली उतरत नाही. माठातल्या पाण्यासारखं काहीतरी हवं असतं. आमच्या आजीच्या माठात वाळ्याची जुडी असायची आणि रोज संध्याकाळी ती त्यात मोगऱ्याच्या चार कळ्या टाकायची. पाणी पिताना वास जाणवायचा नाही. घोट गिळला की मागे राहायचा. फुलांचं कॉकटेल जमलं की नाही, हे मी आजही त्याच घोटावरून ठरवतो.

या प्रकारचं सगळ्यात प्रसिद्ध पेय म्हणजे ह्यूगो. इटलीच्या साउथ टायरॉल भागात २००५ मध्ये ते जन्मलं. प्रोसेको म्हणजे इटलीची बुडबुड्यांची वाईन, एल्डरफ्लॉवर या युरोपातल्या सुवासिक फुलाचं सिरप, पुदिना आणि सोडा. एल्डरफ्लॉवर आपल्याकडे होत नाही, त्याची बाटली महाग पडते. मोगरा मात्र अंगणात फुललेला असतो. त्यामुळे मी मोगऱ्यावर करतो, आणि त्यात पुढच्या जवळजवळ सगळ्या चुका करून झाल्या आहेत.

फुलं उकळू नका

पाक करायचा म्हटलं की आपला हात गॅसकडे जातो. साखर, पाणी, वर मूठभर मोगरा, आणि दणदणीत उकळी. घरभर घमघमाट सुटतो, पण जो वास घरात पसरला तो पातेल्यातून गेलेला असतो. खाली उरतो उकडलेल्या पाल्याचा वास आणि कडवटपणा. मोगऱ्याचा सुगंध फार हलका, उष्णता लागली की उडतो. शिवाय ही कळी तोडल्यावरही रात्री उमलते आणि उमलतानाच सुगंध सोडते. चहाला मोगऱ्याचा वास देणारेही याच गोष्टीचा फायदा घेतात.

म्हणून आजीचीच रीत धरा. दिवस कलताना टपोऱ्या, न उमललेल्या पंधरा-वीस कळ्या तोडा, हिरवे देठ काढा, हलक्या हाताने धुवा आणि पाव लिटर प्यायच्या पाण्यात टाका. भांडं सुती फडक्याने झाकून रात्रभर थंड जागी ठेवा. सकाळी लवकर गाळा. दुपारपर्यंत फुलं तशीच राहिली तर पाकळ्या तपकिरी होतात आणि पाणी कडू होतं. आता २०० मिली सुगंधी पाण्यात २०० ग्रॅम साखर घालून गॅस न पेटवता ढवळत राहा. पाच-सात मिनिटं लागतात, पण साखर थंड पाण्यातही पूर्ण विरघळते. हा पाक फ्रिजमध्ये ठेवून चार दिवसांत संपवा.

गुलाबाचं पाणी वापरणार असाल तर ते खाण्याचं आहे ना, हे बाटलीवर वाचा. चेहऱ्याला लावायचं वेगळं असतं. आणि थेंबांनी मोजा. एकदा मी अंदाजाने जगमध्ये ओतलं. पहिला घोट घेऊन वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, अत्तर पिल्यासारखं लागायलंय." खरंच तसं लागत होतं. एका ग्लासाला दोन-तीन थेंब पुरतात.

कोणतं फूल, हे आधी ओळखा

इथे चूक झाली तर ती चवीपुरती राहत नाही. कण्हेर, पिवळी असो की गुलाबी, विषारी आहे. ती सजावटीलाही ग्लासात नको. तगरीचं पांढरं फूल घाईत मोगऱ्यासारखं वाटतं, पण देठ मोडला की पांढरा चीक येतो. पांढऱ्या चाफ्यालाही येतो. चीक येणारं फूल ग्लासात टाकायचंच नाही. बाजारातला गजराही नको, कारण त्यावर काय फवारलंय आणि कुठलं पाणी शिंपडलंय हे कळत नाही. घरचा, औषध न मारलेला मोगरा नसेल तर फुलाशिवाय करा.

गरम बाटली उघडू नका

स्पार्कलिंग वाईनच्या बाटलीत पाच-सहा वातावरणांइतका दाब असतो, म्हणजे गाडीच्या चाकातल्या हवेच्या दुपटीहून जास्त. वाईन तापली की वायू तिच्यात विरघळून राहत नाही. एका उन्हाळ्यात दुकानातून आणलेली बाटली तासभर गाडीतच राहिली. घरी आल्यावर नुसती वरवर गार करून उघडली. बूच छताला लागलं, निम्मी वाईन चटईवर सांडली आणि उरलेलीचे बुडबुडे ग्लासात पडताच विरले. त्या दिवशी कोणाच्या डोळ्याला इजा झाली नाही, हे नशीब.

बाटली ६ ते ८ अंशांपर्यंत गार हवी. फ्रिजमध्ये तीन-चार तास लागतात. लाईट गेली तर बादलीत बर्फ, बर्फाइतकंच पाणी आणि मूठभर खडेमीठ घालून बाटली मानेपर्यंत बुडवा. अर्ध्या तासात काम होतं. नुसता बर्फ बाटलीला सगळीकडून टेकत नाही, म्हणून पाणी हवंच. फ्रीझरमध्ये ठेवून विसरू नका. वाईन गोठली की बाटली फुटते. गार झाल्यावर गच्चीवर नेताना ओलं फडकं गुंडाळा. आपल्या कोरड्या हवेत ते झपाट्याने वाळतं आणि बाटली गार ठेवतं.

उघडताना बाटली तिरकी धरा, तोंड माणसांपासून दूर. एका हाताने बूच घट्ट दाबून दुसऱ्या हाताने बाटली फिरवा. बूच सुस्कारा टाकल्यासारखं निघालं पाहिजे.

वाईन ब्रूटच घ्या. ब्रूटमध्ये लिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर असते, त्यामुळे पाकाला जागा राहते. नाशिककडच्या सुला आणि शॅन्डॉनच्या ब्रूट चालतात. गोड वाईनमध्ये हा पाक घातला तर दुसऱ्या घोटाला तोंड मिटतं.

एका ग्लासाचं माप: १५ मिली पाक, ५ मिली लिंबू, १२० मिली वाईन, ३० मिली गार सोडा. एका बाटलीत सहा ग्लास होतात. लिंबू घालताना हात सैल सोडू नका. ब्रूट मुळात आंबट असते आणि आपलं कागदी लिंबू तिखट आंबट. मला लिंबापेक्षा जालन्याच्या मोसंबीची साल आवडते. पांढरा भाग न घेता सालीची पातळ चकती ग्लासावर पिळायची. मोसंबीचा रस घालायचा असेल तर त्याच क्षणी काढा, ठेवलेला रस कडू होतो.

आधी पाक आणि लिंबू, मग तिरक्या ग्लासाच्या कडेने वाईन, शेवटी सोडा. लांब चमच्याने तळातून एकदाच वर उचला. शेकरमध्ये वाईन कधीच नको.

सगळं नीट करूनही बुडबुडे टिकले नाहीत तर ग्लास पाहा. साबणाचा अंश आणि तुपकट बोटं फेस मारतात. बोअरच्या पाण्याचे क्षार काचेवर पांढरे बसतात. थोड्या व्हिनेगरने पुसून साध्या पाण्याने खळखळून धुवा आणि उपडा ठेवून वाळवा.

हे पेय सरबतासारखं सहज उतरतं, म्हणून जास्त जपायचं. दिवसभर उन्हात फिरून आलेल्याला आधी दोन तांबे पाणी द्या. उन्हाने शरीर सुकलेलं असताना मद्य आणखी सुकवतं. गाडी चालवणाऱ्याला, गरोदर बाईला, औषधं चालू असलेल्याला देऊ नका. घरात न पिणारी माणसं असतातच, त्यांच्यासाठी हाच पाक, मोसंबीचा ताजा रस आणि सोडा. फक्त ते स्टीलच्या पेल्यात आणि वाईन काचेच्या ग्लासात. अंधाऱ्या गच्चीवर लहान मूल चुकीचा ग्लास उचलणार नाही.