होडी ओढायला जुनी फोर बाय फोर घेताय? आधी गाडीखाली शिरा

सुरुवात वजनापासून. होडीसोबत ट्रेलर, आउटबोर्ड (होडीच्या मागे लावायचं इंजिन), पेट्रोल, नांगर सगळं धरा. बेरीज ९०० किलो झाली, तर साधारण ९० किलो भार गाडीच्या हूकवर येतो. म्हणजे मागे आणखी एक दणकट माणूस बसला. गाडीच्या माहितीपुस्तिकेत ब्रेकवाल्या आणि बिनब्रेकच्या ट्रेलरचे आकडे वेगळे असतात, ते बघा.

जिप्सी माझी लाडकी, पण १.३ लिटरच्या पेट्रोल इंजिनाला हे ओझं नको. डिझेल आणि लोखंडी चासीवाली (खाली वेगळा सांगाडा असलेली) गाडी बघा: स्कॉर्पिओ, फॉर्च्युनर, जुनी सफारी. २०२१ मध्ये आलेली सफारी पुढच्याच चाकांवर चालते. स्कॉर्पिओही बहुतेक टू व्हील ड्राइव्हच असतात, म्हणजे इंजिनाचा जोर दोनच चाकांना; ‘फोर बाय फोर’च्या स्टिकरवर जाऊ नका.

आता पुठ्ठा अंथरा आणि गाडीखाली झोपा. मुंबईच्या खाऱ्या हवेत गंज खालूनच चढतो. हूक जिथे बोल्टने बसतो तिथे स्क्रू-ड्रायव्हरने टोचा, मग चासीवर हलके ठोका. ‘ठण्’ वाजलं तर ठीक. ‘थप्’ वाजून पापुद्रे पडले तर कपडे झटका आणि घरी जा. ताजा काळा रंग दिसला तर जास्तच टोचा. मी एकदा त्या चकाकीला भुललो होतो. पहिल्याच पावसाळ्यानंतर हूकची पट्टी वेल्डिंगला न्यावी लागली.

मागच्या डिफरन्शियलचं (मागच्या दोन चाकांमधल्या गिअरच्या गोळ्याचं) तेल मेकॅनिककडून बघून घ्या. दुधाळ, चहासारखं असेल तर आत पाणी गेलंय. गाडी होडी पाण्यात सोडायच्या उतारावर बुडाली असेल नाहीतर पावसात तुंबलेल्या सबवेत. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. चिखलाची रेघ तिथे सापडते.

मुंबईत क्लच सिग्नललाच झिजतो. सपाट जागी हँडब्रेक लावा, तिसरा गिअर टाका, क्लच हळू सोडा. इंजिन लगेच बंद पडायला हवं; चालूच राहिलं तर प्लेट गेली.

फोर बाय फोर मातीच्या मैदानात तपासा, लो गिअरसकट (हळू पण जास्त जोराने ओढणारा गिअर). कोरड्या डांबरावर वळताना बऱ्याच गाड्या अडखळतात, तो दोष नव्हे. इंजिन मात्र थंड असतानाच सुरू करून बघा. मालकाने आधीच गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी या.

कागदपत्रांत बँकेचा बोजा आणि थकलेली चलनं बघा. दिल्लीहून आलेल्या स्वस्त डिझेल गाडीला तिथल्या आरटीओचा नाहरकत दाखला लागतो, शिवाय इथला रोड टॅक्सही. तो किमतीत मिळवा, मगच घासाघीस करा.